ज्वारी लवकर पिकतेय आणि तिथंच घोडं पेंड खातंय

गेल्या काही वर्षांत फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाकडून फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं, कणसं भरल्यासारखी दिसतात पण पोतं उचललं की हलकं लागतं. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, काळी जमीन, विहिरीला पाणी बेताचं, आणि रब्बीची ज्वारी म्हणजे घरचं खाणं आणि गुरांचा कडबा दोन्ही. अण्णांचं म्हणणं साधं आहे, माप तेच, पोतं तेच, शिवून उभं केलं की उंचीही तेवढीच दिसते, पण काट्यावर ठेवलं की पाच-सात किलो कुठं गेले कळत नाही. दाणा बारीक, एका बाजूनं चिमटलेला, भाकरी थापताना पीठ तुटतं म्हणून आईची वेगळी तक्रार. यंदा ऊन लवकर लागलं, असं म्हणून विषय संपतो. पण ऊन लवकर लागलं म्हणजे दाण्याचं नेमकं काय झालं, हे मला नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून बरंच वाचलं, कृषीवाल्या मित्रांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि जे समजलं ते इथं जमेल तितक्या सोप्या भाषेत लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या डोक्यात एक चित्र बसलेलं असतं, की तापमान वाढलं म्हणजे पीक उन्हानं करपतं, पानं जळतात, शेत पिवळं पडतं. तसं होतंही, नाही असं नाही. पण ज्वारीच्या बाबतीत जास्त नुकसान होतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या मार्गानं, पीक हिरवंगार उभं असतं, कणीस बाहेर पडलेलं असतं, आणि आत दाण्याला मिळायला हवे होते तेवढे दिवसच मिळत नाहीत. पीक घाईला येतं.

हे समजायला आधी रब्बी ज्वारीचा संसार कसा चालतो ते बघू. खरिपाचं पीक पावसात पेरतात आणि पावसात वाढतं. रब्बी ज्वारीचं उलटं आहे, ती पाऊस संपताना पेरायची. साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा पेरणीचा काळ धरतात, परतीच्या पावसानं जमीन भिजते, वाफसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी सुकली, की तिफण (पेरणीचं अवजार) घालायची, आणि त्यानंतर वरून फारसं काही येत नाही. पुढचे चार महिने पीक जगतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. एक मीटर खोल काळी जमीन चांगली भिजली तर पिकाला वापरता येईल असं साधारण 200 मिलिमीटर पाणी धरून ठेवते, म्हणजे आपली काळी जमीन ही पाण्याची कणगी आहे असं समजा, सप्टेंबरात भरली की भरली, पुन्हा भरायची सोय नाही, आणि त्याच कणगीतून फेब्रुवारीपर्यंत रोज काढून खायचं. जमीन उथळ असेल, खाली मुरूम लागत असेल, तर कणगीच लहान. मंगळवेढ्याच्या शिवाराला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगीच नाही, तिथं ही कणगी खोल आहे, आणि तिथल्या मालदांडी ज्वारीला 2016 साली जीआय टॅगही, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय. मालदांडीचं जे वाण सगळ्यांना माहीत आहे, एम 35-1, ते 1930 च्या दशकात मोहोळला गावरान ज्वारीतनं निवडून काढलेलं. जवळजवळ नव्वद वर्षं झाली, अजून लोक तेच पेरतात, कारण भाकरीला आणि कडब्याला त्याच्यासारखं दुसरं नाही असं आमच्याकडं ठाम मत आहे.

आता घाई कशी होते ते. झाडाला कॅलेंडर कळत नाही. पेरून 70 दिवस झाले म्हणून आता फुलोरा, असा हिशोब झाड करत नाही, ते मुख्यतः मोजतं ऊब. रोजचं सरासरी तापमान घ्यायचं, त्यातनं एक ठराविक आकडा वजा करायचा (ज्वारीसाठी ढोबळमानानं 10 अंश धरू, कारण त्याखाली तिची वाढ जवळपास थांबते), जे उरेल ती त्या दिवसाची कमाई. अशी कमाई साठत साठत एका आकड्याला पोचली की झाड पुढच्या पायरीवर जातं, पोटरी (कणीस अजून शेंड्याच्या पानात गुंडाळलेलं), मग निसवणं (कणीस बाहेर पडणं), मग फुलोरा, मग चीक, हुरडा आणि पक्का दाणा. समजण्यापुरतं एक गणित करून बघा. दाणा भरायला 520 एवढी ऊब लागते असं धरलं, आणि रोजचं सरासरी तापमान 23 असेल तर रोजची कमाई 13, म्हणजे 40 दिवस. तेच सरासरी 26 झालं तर रोजची कमाई 16, आणि काम साडेबत्तीस दिवसांत संपलं. फक्त तीन अंशांचा फरक आणि दाणा भरायचा आठवडा गायब! आपल्याला वाटेल, लवकर झालं तर बरंच की. पण दाण्यात भरायचा माल पानांनी उन्हात बसून तयार करायचा असतो, रोजचा ठराविक, आणि कामाचे दिवस कमी झाले की माल कमी. उष्णतेनं भरण्याचा वेग थोडा वाढतो, पण गेलेल्या दिवसांची भरपाई होण्याइतका नाही. म्हणून दाणे मोजले तर तेवढेच, वजन केलं तर कमी. अण्णांच्या पोत्यातले पाच-सात किलो बहुतेक इथंच गेलेत.

हेच देशानं मोठ्या प्रमाणावर बघितलं 2022 च्या मार्चमध्ये, गव्हात. तो मार्च हवामान खात्याच्या 1901 पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात गरम मार्च होता. पंजाब-हरियाणात गहू तेव्हा दाणे भरायच्या अवस्थेत होता, आणि गव्हाला त्या काळात थंडी लागते. शेतं वरून चांगली दिसत होती, फेब्रुवारीत सरकारचा अंदाज 111 दशलक्ष टनांच्या वर होता, मेमध्ये तो 105-106 वर आणावा लागला, आणि 13 मे 2022 ला गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. त्यात युक्रेनच्या युद्धानं जगभर गव्हाचे भाव चढलेले, हेही कारण होतंच. पण बाजारात जो चिमटलेला गहू आला तो सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. पुढच्याच वर्षी 2023 चा फेब्रुवारी दिवसाच्या तापमानाच्या हिशोबानं 1901 पासूनचा सगळ्यात गरम फेब्रुवारी ठरला. लागोपाठ दोन वर्षं.

आता दुसरी गोष्ट, जी कोरडवाहू पट्ट्यात सगळ्यात महत्त्वाची आहे असं माझं मत झालंय आणि जिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, ती म्हणजे हवेची तहान. कपडे उन्हाळ्यात पटकन वाळतात आणि पावसाळ्यात दोन दिवस ओले राहतात हे सगळ्यांना माहीत आहे. हवा जितकी गरम तितकी तिची पाणी पिऊन घ्यायची ताकद जास्त, एका अंशाला साधारण 7 टक्के. ऐकायला कमी वाटतं पण ते चक्रवाढ व्याजासारखं वाढतं, 30 अंशाच्या हवेत जेवढी वाफ मावते त्याच्या पावणेदोनपट 40 अंशाच्या हवेत मावते. आपल्या पट्ट्यात हवेत मुळातच वाफ कमी, त्यामुळं तापमान वाढलं की ती मोकळी राहिलेली जागा वाढते आणि हवा मिळेल तिथून पाणी ओढते, जमिनीच्या भेगांतून, पानांतून, विहिरीच्या आणि तळ्याच्या पृष्ठभागावरनं. म्हणजे पाऊस अगदी पूर्वीइतकाच पडला, मिलिमीटरला मिलिमीटर, तरी कणगीतलं धान्य आता लवकर संपतंय कारण घरात खाणारं एक तोंड वाढलंय. "पाऊस तर यंदा सरासरी झाला होता, मग ज्वारी का गेली" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथं सापडतं. पावसाची आकडेवारी पेपरात रोज येते, हवेनं किती पाणी ओढून नेलं ते कुठंच छापून येत नाही.

झाड यावर काय करतं? पानावर बारीक बारीक तोंडं असतात, त्यातनं हवा आत घेतात आणि पाणी बाहेर जातं. हवा फार तहानलेली असेल तर ज्वारी ती तोंडं मिटून घेते, पानं सुरळीसारखी गुंडाळते, खोडावर आणि पानाच्या देठावर जी पांढरी भुकटीसारखी मेणचट लेप असते ती पण पाणी अडवते. हुशार पीक आहे, म्हणून तर इतकी शतकं या जमिनीत टिकलंय. पण तोंड मिटलं की खाणंही बंद, म्हणजे दाण्यात जाणारा माल बंद. शिवाय पान पाणी बाहेर टाकतं तेव्हा ते थंड राहतं, आपल्या घामासारखंच, ते थांबलं की पानाचं अंग तापतं. पाणी वाचवायचं का अंग थंड ठेवायचं, दोन्ही एकदम जमत नाही. पाणी भरपूर असलेल्या रानात पीक 38-39 अंशही काढून नेतं ते याच कारणानं, आणि शेजारच्या कोरड्या रानात 34-35 ला मान टाकतं. त्यामुळं नुसता पारा बघून नुकसान कळत नाही, खाली ओल किती आहे ते बघावं लागतं.

रात्रीचं वेगळंच. तापमानवाढ म्हटलं की आपण दुपारच्या पाऱ्याकडं बघतो, पण रात्रीही गरम व्हायला लागल्यात आणि पिकाला ते जास्त महागात पडतं. दिवसभर पानांनी जी साखर बनवली त्यातली काही झाड रात्री स्वतःच्या जगण्यासाठी जाळतं, श्वास घेतं म्हणा. रात्र थंड असेल तर खर्च कमी, रात्र गरम असेल तर खर्च जास्त, ढोबळमानानं दहा अंश वाढले की दुप्पट. दिवसभर कमवायचं आणि रात्री उधळायचं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतात 1979 पासूनच्या नोंदी तपासल्या तेव्हा असं दिसलं होतं की उन्हाळी हंगामात रात्रीचं किमान तापमान एक अंशानं वाढलं की भाताचं उत्पादन जवळपास 10 टक्क्यांनी घसरतं. ते भाताचं आहे, ज्वारीला तोच आकडा लावता येणार नाही, पण कारण दोन्हीकडं तेच. आमच्याकडं थंडीच्या दिवसांत रात्री दव पडायचं, सकाळी ज्वारीच्या रानातून गेलं की धोतर गुडघ्यापर्यंत ओलं व्हायचं असं आजोबा सांगायचे. उबदार, ढगाळ रात्री वाढल्या की तेवढं दवही कमी.

आता फुलोरा. पिकाच्या अख्ख्या आयुष्यात हे आठ-दहा दिवस सगळ्यात नाजूक. परागकण म्हणजे एकेक जिवंत पेशी, तिला उष्णता सोसत नाही, ती मेली की फलन नाही, फलन नाही म्हणजे त्या जागी दाणाच नाही, नंतर कितीही चांगलं हवामान आलं तरी ते फूल परत येत नाही. गव्हात फुलोऱ्याच्या वेळी तिशीच्या पुढं गेलं की धोका सुरू होतो, ज्वारी त्यापेक्षा सोशीक, पण दिवसाचं तापमान 36 च्या वर आणि रात्रीचं 26 च्या आसपास गेलं की तिचेही दाणे धरणं कमी व्हायला लागतं. आपल्या रब्बी ज्वारीचा फुलोरा डिसेंबर-जानेवारीत येतो त्यामुळं हा फटका सहसा बसत नाही, हे आपलं नशीब. बाजरीला बसतो. गुजरात-राजस्थानात उन्हाळी बाजरी घेतात आणि तिचा फुलोरा नेमका 42 च्या वरच्या पाऱ्यात येतो, कणीस दिसायला पूर्ण आणि हात फिरवला तर मोकळं. बाजरीत आधी मादी फुलाचे तंतू बाहेर येतात आणि परागकण नंतर, त्यामुळं ते नाजूक तंतू उघड्यावर वाट बघत असतात आणि त्या वेळी लू, म्हणजे गरम वारं, आली तर गेलंच. म्हणून आता 42 च्या पुढंही दाणे धरणारी वाणं निवडायचं काम चाललंय, आणि बाजरीसारख्या पिकातही ते करायची वेळ यावी यावरून काय ते समजा.

एक प्रश्न नेहमी येतो आणि तो चुकीचा नाही. कार्बन डायऑक्साईड हे झाडांचं खाणं, कारखानदारीच्या आधी हवेत ते 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) होतं ते आता 420 च्या पुढं गेलंय, मग पिकं उलट जोमानं वाढायला नकोत का? गहू, भात, हरभरा यांना त्याचा थोडा फायदा खरंच होतो. त्यांच्या पानात रुबिस्को नावाचं जे एन्झाईम कार्बन पकडतं त्याची एक जुनी चूक आहे, ते अधूनमधून कार्बन डायऑक्साईडऐवजी ऑक्सिजनच धरून बसतं, आणि उष्णता वाढली की ही चूक जास्त होते, पिकाची मेहनत वाया जाते. हवेत कार्बन डायऑक्साईड जास्त असला की चूक थोडी कमी होते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांनी ही अडचण फार पूर्वीच सोडवलीय, ही पिकं कार्बन आधी बाहेरच्या पेशीत पकडतात आणि आतल्या पेशीत नेऊन रुबिस्कोच्या भोवती नुसती गर्दी करतात, म्हणजे चुकायला वावच नाही. यांना सी फोर पिकं म्हणतात, आणि उन्हात ज्वारी गव्हापेक्षा सरस ठरते ती यामुळं. पण त्याचा अर्थ असाही की वाढलेल्या कार्बनचा ज्वारीला थेट फायदा फारसा नाही, तिची पानं आधीच पोटभर खात होती. फायदा मिळतो तो एवढाच की पानाची तोंडं थोडी कमी उघडली तरी भागतं, त्यामुळं दुष्काळात थोडं पाणी वाचतं. गव्हात मात्र दुसरीच भानगड होते, कार्बन डायऑक्साईड 550 पीपीएमच्या आसपास नेऊन उघड्या शेतात प्रयोग केले तेव्हा गव्हातलं झिंक 9 टक्क्यांच्या आसपास आणि लोह 5 टक्क्यांच्या आसपास घटलं, प्रथिनंही कमी झाली. ज्वारीत तशी घट फारशी दिसली नाही. ज्या घरात रोजच्या जेवणात चपाती हाच मुख्य आधार, तिथं ही बातमी किलो-क्विंटलच्या आकड्यांपेक्षा मोठी आहे.

पण सी फोर म्हणजे कवचकुंडलं असं समजू नका. जगभरचे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून 2017 साली एक हिशोब मांडला गेला होता, जगाचं सरासरी तापमान एका अंशानं वाढलं आणि आपण काहीच बदल केले नाहीत तर गव्हाचं उत्पादन सरासरी 6 टक्के, भाताचं 3.2 टक्के आणि मक्याचं 7.4 टक्के घटेल. मका सी फोर असून सगळ्यात वर आहे. कारण वर सांगितलंय तेच, घाई आणि तहान, त्यातनं सी फोर असणं सोडवत नाही.

आता आपल्या पट्ट्याचं खरं दुखणं, ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं. रब्बी ज्वारीला एक खिडकी मिळते, एका टोकाला पावसाचा शेवट आणि दुसऱ्या टोकाला उन्हाळ्याची सुरुवात. सोलापुरात फेब्रुवारीत दुपारचा पारा साधारण 34 च्या आसपास असतो आणि मार्चात 37 च्या घरात जातो, म्हणजे फेब्रुवारीच्या आत दाणा पक्का व्हायला पाहिजे. ही खिडकी दोन्ही बाजूंनी आवळत चाललीय. मान्सून परतायच्या तारखा हवामान खात्यानं 2020 साली नव्यानं ठरवल्या, राजस्थानातून परतायला तो 1 सप्टेंबरला सुरुवात करतो असं आपण शाळेत शिकलो, ती तारीख आता 17 सप्टेंबर आहे. त्याच 2020 च्या ऑक्टोबरच्या मध्यावर सोलापूर-पंढरपूर भागात जो पाऊस कोसळला तो कुणी विसरणार नाही, आणि 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला आलेला पूर तर अजून ताजा आहे. काळी जमीन एकदा तुंबली की वाफसा यायला दोन-तीन आठवडे जातात, चिखलात तिफण घालता येत नाही, पेरणी ऑक्टोबर संपेपर्यंत किंवा नोव्हेंबरात ढकलली जाते. जेवढी पेरणी पुढं गेली तेवढी दाणे भरायची वेळ फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चात. आणि तोच फेब्रुवारी आता तापायला लागलाय. म्हणजे सप्टेंबरातल्या जास्तीच्या पावसाचं नुकसान मार्चमधल्या उन्हात दिसतं, सहा महिन्यांनी, आणि पंचनामा करायला येणाऱ्या माणसाला या दोन्हीचा काही संबंध आहे हे कळायची सोयच नाही. याच्या उलट 2023 सारखं वर्ष, त्या वर्षी देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेला, तेव्हा कणगी भरलीच नाही आणि कित्येकांनी पेरलंच नाही.

मग लवकर पेरावं का? फार आगाप पेरलं तर खोडमाशीची अळी पोंगा, म्हणजे रोपाचा कोवळा शेंडा, खाऊन जाते, आणि पाऊस चालू असताना पेरता येत नाही, त्यामुळं ते आपल्या हातात थोडंच आहे. आणि उशिरा पेरलेल्या पिकाला दुसरीकडून थंडीही मारते, ज्वारी मूळची उष्ण प्रदेशातली, फुलोऱ्यात रात्रीचा पारा फार खाली गेला तर दाणे धरत नाहीत, काही संकरित वाणांत हे जास्त दिसतं. त्यामुळं थोडी ऊब वाढली तर त्या एका बाजूनं उलट फायदाही आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पण गोळाबेरीज केली तर दाणे भरण्याच्या काळातली घट मोठी आहे.

खडखड्या रोग याच साखळीतला शेवटचा दुवा. दाणे भरायच्या वेळी कणगी रिकामी झाली आणि जमीन तापली की मातीतली एक बुरशी मुळांतून खोडात शिरते, कारण झाड तेव्हा खोडातली साठवण काढून दाण्याला देत असतं आणि खोड कमजोर झालेलं असतं. आतला गर नाहीसा होतो, नुसते धागे राहतात, वारा आला की धाटं कोलमडून आडवी. वरून रोग दिसतो, मूळ कारण पाण्याचं आणि उन्हाचं आहे. बुरशीनाशक फवारून याला फारसा उपयोग नसतो. ढगाळ हवा राहिली की मावा-चिकटा येतो, अमेरिकन लष्करी अळी 2018 पासून आलीय, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट सगळ्यांना आठवते, पण त्या प्रत्येकावर वेगळं लिहावं लागेल.

करता येण्यासारखं काय आहे, तर बरंच आहे आणि त्यातलं निम्मं आपल्या जुन्या माणसांना माहीत होतं. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 च्या सुमारास सुरू झालं, तेव्हापासून एकच सांगणं आहे, पडलेलं पाणी रानातच मुरवा. पेरणीच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्येच रानात बंदिस्त सारे (चहूबाजूंनी बांध घातलेले वाफे) पाडून ठेवले तर कणगी जास्त भरते. आणि कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती हलवणं. आमच्याकडं म्हणतात एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, ते उगीच नाही, कारण काळी जमीन वाळताना भेगाळते, आणि त्या भेगा म्हणजे तहानलेल्या हवेनं खालच्या ओलीला लावलेले स्ट्रॉ. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्यात पासेच्या कोळप्यानं आणि आठव्यात दातेरी कोळप्यानं, ही तिसरी कोळपणी तर मुख्यतः भेगा बुजवायलाच असते. आता बैलं राहिली नाहीत, मजूर मिळत नाही, म्हणून हीच तिसरी कोळपणी सगळ्यात आधी सुटते, आमच्याकडंही सुटली होती. हवा जास्त तहानलेली झालेली असताना भेगा उघड्या ठेवायच्या, हे आपल्याला परवडणारं नाही.

वाणाचं पण तसंच. मालदांडीवर माझंही प्रेम आहे पण ती प्रत्येक रानाला चालत नाही, उथळ रानात लहान कणगी असताना लांब मुदतीचं पीक शेवटच्या महिन्यात उपाशी राहणारच. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं जमिनीच्या खोलीप्रमाणं वाणं दिलीत, हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. फावडं घेऊन रानात एक खड्डा मारून मुरूम कुठं लागतो बघायचं आणि मग बियाणं घ्यायचं, एवढं सोपं आहे ते. विहिरीत एकाच पाळीचं पाणी असेल तर ते पोटरीत, म्हणजे 50-55 दिवसांच्या सुमारास द्यायचं, दोन पाळ्या असतील तर पहिली महिनाभरानं आणि दुसरी पोटरीत. लोक पीक सुकलेलं दिसलं की पाणी देतात, पण पीक सुकलेलं दिसेपर्यंत कणसात किती दाणे बसणार हे ठरून गेलेलं असतं.

आणि एक गोष्ट वाचून मला फार आनंद झाला. इथिओपियातल्या गावरान ज्वारीपासून आलेलं बी-35 नावाचं एक वाण आहे, त्याची पानं दाणे भरून झाल्यावरही हिरवी राहतात. संशोधकांनी बघितलं तर ते झाड सुरुवातीला हात आखडून वागतं, पानांचा पसारा कमी ठेवतं, पाणी कमी पितं, आणि जे वाचलं ते दाणे भरायच्या शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवतं, अगदी घरातल्या शहाण्या बाईसारखं. हा गुण आपल्याकडच्या ज्वारीत आणायचं काम हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत बरीच वर्षं चाललंय. पान शेवटपर्यंत हिरवं म्हणजे दाणा भरायला माल मिळत राहतो, खोड कमजोर पडत नाही म्हणून खडखड्याही कमी.

आणि कडबा हिरवा. उष्णतेच्या नुकसानीचे जेवढे म्हणून आकडे मी बघितले ते सगळे धान्याचे होते, टन आणि टक्के. आमच्या घरी मात्र ज्वारी काढली की अण्णा आधी पेंढीतली दोन धाटं ओढून पान चुरगाळून बघतात, मग कणसाकडं वळतात, कारण दाणा कमी आला तर रेशनचा गहू आहे, पण मे महिन्यात दावणीला दोन म्हशी उभ्या असताना पिवळा, पान गळलेला कडबा घेऊन काय करायचं.